नाव ठेवले, रीत टाकली

शिरपूरच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी दूरदर्शनवर आणि पुढे उपग्रह वाहिन्यांवर ज्या मारधाडीच्या विदेशी मालिका त्यांनी जीव टाकून पाहिल्या, त्यांच्यावरून निघालेले अलीकडचे चित्रपट त्यांनी चौदा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून एकामागून एक पाहिले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बापलेक दोघेही हिरमुसून उठले. पैसा अफाट, तंत्र अद्ययावत, नट नामवंत, तरी असे का व्हावे? दोष चित्रपटांचा, की आपल्या उतरत्या वयाचा? आणि मुलाला यातले काही दाखवायचेच असेल तर काय दाखवावे?

मी सव्वीस वर्षे मुंबईत मालिकांचे संकलन केले आणि त्यांपैकी बहुतेक मालिका पोलिसी किंवा मारधाडीच्या होत्या. आता जळगावात राहतो आणि अहिराणी गाण्यांच्या व विनोदी चित्रफिती तयार करणाऱ्या मुलांना संकलन शिकवतो. त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नाही. तुकडे जोडणाऱ्या माणसाला जे दिसते तेवढेच ते आहे.

आधी वयाविषयी. वयाचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. दहाव्या वर्षी शेजाऱ्यांच्या घरात, उंबऱ्यापर्यंत दाटलेल्या गर्दीत, धाब्यावर अँटेना फिरवणाऱ्या भावाला ‘आले, आले, गेले’ असे ओरडून सांगत पाहिलेली गोष्ट पन्नाशीत थंडगार खुर्चीत बसून तशीच लागणार नाही. परंतु आपल्या मुलाजवळ ही आठवण नाही, आणि तरीही तो हिरमुसला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी ‘मिशन : इम्पॉसिबल’ या मूळ मालिकेचा एक भाग आवाज पूर्ण बंद करून दाखवतो. पहिली काही मिनिटे मुले केशरचनांना आणि टेपरेकॉर्डरला हसतात. नंतर हसणे थांबते, आणि शेवटी कोण कोठे लपला आहे व कोणाच्या खिशात काय आहे, हे बहुतेकांना बिनचूक सांगता येते. त्यानंतर मी एखाद्या नव्या चित्रपटातील पाठलाग तसाच आवाज बंद करून दाखवतो आणि विचारतो की गाड्या किती होत्या. पाचपासून अकरापर्यंत उत्तरे येतात. ही मुले विशीतली आहेत. म्हातारपणाचा आरोप त्यांच्यावर करता येणार नाही.

माझ्या मते खरे कारण असे की या मालिकांचा नायक कोणी माणूस नव्हता. त्यांची रीत हीच नायक होती. रीत हा शब्द मी आपल्याकडच्या अर्थाने वापरतो आहे. श्रावणातल्या एका रविवारी आपल्या खानदेशात कानबाई या देवीचे रोट होतात, त्यांत दर वर्षी नवे काय असते? काही नाही. तेच दळण, तीच स्थापना, तीच गाणी आणि तेच विसर्जन. तरीही सुरतेला किंवा मुंबईला पोटासाठी गेलेला माणूस त्या रविवारसाठी गाडी पकडून गावी येतो, आणि रोटांचा एखादा विधी चुकला तर घरातली म्हातारी माणसे दिवसभर अस्वस्थ असतात. जुन्या मारधाडीच्या मालिकांशी प्रेक्षकांचे नाते या जातीचे होते. पुढे काय होणार हे माहीत असे. कसे होणार एवढेच पाहायचे असे. मालिकेवरून चित्रपट करणारे लोक नाव, गाडी, धून आणि एखादे घोषवाक्य विकत घेतात, कारण विकत घेता येण्यासारखे तेवढेच असते. रीत मात्र दोन तासांच्या एकट्या चित्रपटात बसत नाही, कारण रीत ही पुन्हा पुन्हा होण्यानेच रीत ठरते. मग ती बाहेर टाकली जाते आणि तिच्या जागी एक मोठा नट उभा केला जातो.

‘मिशन : इम्पॉसिबल’चेच उदाहरण जरा जवळून पाहू, कारण रीत म्हणजे काय ते या मालिकेत सर्वांत स्वच्छ दिसते. ब्रूस गेलर यांची ही मालिका १९६६ ते १९७३ या काळात अमेरिकेत चालली आणि तिचे १७१ भाग झाले. सुरुवातीला काडीने वात पेटते. वात जळत असताना त्याच भागात पुढे येणाऱ्या प्रसंगांचे बारीक बारीक तुकडे डोळ्यांसमोरून झरझर निघून जातात. म्हणजे सगळी गोष्ट आधीच दाखवून टाकतात आणि तरी काही कळू देत नाहीत. संकलक म्हणून या धाडसाला मी आजही हात जोडतो. मग पथकाचा प्रमुख एखाद्या आडवळणी जागी जातो, लपवलेला टेपरेकॉर्डर चालू करतो, कामगिरी ऐकतो, आणि पाच सेकंदांत टेपमधून धूर निघतो. पुढे बहुतेक भागांत प्रमुखाच्या घरी बैठक होते. तेथे सहकारी अर्धवट वाक्यांत बोलतात, एखादे यंत्र चालवून पाहतात, आणि बेत आपल्याला पूर्ण सांगत नाहीत. त्यानंतर काम सुरू होते, ते जवळजवळ न बोलता. स्क्रू फिरवणारी बोटे, घड्याळाचा काटा, जिन्यावरून येणारे बूट, पुन्हा बोटे. या माणसांना घर आहे का, बायकामुले आहेत का, कोणावर त्यांचे प्रेम आहे का, याचा पत्ता मालिका जवळजवळ लागूच देत नाही, आणि ते गेलर यांनी हेतुपुरस्सर केले होते. पथकातले नट बदलत गेले. पहिल्या वर्षानंतर तर पथकाचा प्रमुखच बदलला आणि जिम फेल्प्सच्या भूमिकेत पीटर ग्रेव्ह्ज आले. मालिकेचे काही बिघडले नाही, कारण जिच्यासाठी लोक येत होते ती रीत जागेवर होती.

१९९६ साली ब्रायन डी पाल्मा यांनी यावरून चित्रपट केला. त्यात पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच टॉम क्रूझ यांचा ईथन हंट सोडून जवळजवळ सगळे पथक मारले जाते, आणि पुढे उलगडते की फितूर दुसरा कोणी नसून स्वतः जिम फेल्प्स आहे. कथेच्या दृष्टीने हा धक्का चांगला असेल. परंतु ज्या प्रेक्षकांनी सहा वर्षे दर आठवड्याला त्या माणसावर विश्वास टाकला होता, त्यांच्या घरच्या देवाऱ्यातली मूर्ती उचलून रस्त्यावर ठेवण्यासारखे ते होते. पथक गेले आणि एकटा वीर उरला. शेवटी तो बोगद्यात आगगाडीच्या टपावर आहे आणि मागे हेलिकॉप्टर आहे. हे सगळे प्रेक्षणीय आहे, पण या मालिकेचे नाही.

आता गंमत पाहा. त्या चित्रपटातला कोणता प्रसंग लोकांना आजही आठवतो? आगगाडी नव्हे. दोरीला लोंबकळत तिजोरीसारख्या पांढऱ्या खोलीत उतरणारा माणूस आठवतो. जमिनीला पाय लागता कामा नये, आवाज होता कामा नये, खोलीचे तापमान वाढता कामा नये, या तीन अटी आधी शांतपणे सांगितल्या जातात. मग संगीत बंद. वर एकाच्या हातात दोरी आहे, त्याच्यासमोर उंदीर येतो. खाली चष्म्याच्या काचेवरून घामाचा थेंब घरंगळतो आणि हातमोज्याच्या तळव्यावर झेलला जातो. संकलक पॉल हर्श यांनी येथे घाई केलेली नाही. थेंब, हात, दोरी, उंदीर, पुन्हा थेंब, एवढेच. चार माणसे, एक काम, बोलणे नाही. अख्ख्या चित्रपटात मालिकेची रीत एकदाच परत येते आणि नेमके तेवढेच लोकांच्या मनात राहते. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला मिळालेला नाही.

संगीताविषयी थोडे, कारण आमच्या जळगावच्या एका तबलजी मित्राने ते माझ्या लक्षात आणून दिले. लालो शिफ्रिन यांची मूळ धून पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. बारीक मोजली तर तीन-तीन-दोन-दोन अशा दहा. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन असा दहाचा, त्याची ही जणू आतेबहीण. या विषम चालीमुळे ती धून कोठेच विसावत नाही, सारखी एक पाऊल पुढे पडल्यासारखी वाटते. चित्रपटाच्या वेळी यू टू या बँडमधल्या दोघा वादकांनी बाजारात आणलेल्या ध्वनिमुद्रिकेत तीच धून सरळ चार मात्रांत बसवली, म्हणजे नाचायला सोपी झाली. वाईट झाली असे नाही. पण टाकले काय आणि ठेवले काय, हे त्या एका मात्रेवरून कळते.

‘द ए-टीम’चे उदाहरण उलट बाजूचे आहे, आणि मला ते अधिक लागते. ही मालिका १९८३ ते १९८७ या काळातली. चार माजी सैनिक, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, तुरुंगातून पलायन, आणि आता लॉस एंजलिसमध्ये लपून राहून अडलेल्यांची कामे करणे, ही सगळी पूर्वपीठिका शीर्षकाआधीच्या चार वाक्यांत आटोपत असे. एक मिनिटही लागत नसे. मग प्रत्येक भागात तो एक प्रसंग ठरलेला असे : गुंडांनी चौघांना एखाद्या गोदामात किंवा गॅरेजमध्ये कोंडले आहे, तेथे भंगार पडले आहे, आणि संगीताच्या तालावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत आहेत, पत्रे जोडले जात आहेत, पाइप कापले जात आहेत, आणि जुन्या वाहनाचा रणगाडा होतो आहे. मुंबईत आमच्याकडे त्या मालिकेच्या टेप आल्या तेव्हा मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहत असे, कारण तो मला ओळखीचा वाटे. मोटारसायकलला कोळपे जोडून कपाशीत कोळपणी करणारे शेतकरी आणि त्यांना ते जोडून देणारा फाट्यावरचा वेल्डर आमच्या भागात कोणी पाहिला नाही? हजारो गोळ्या सुटत आणि सहसा कोणी मरत नसे, म्हणून त्या मालिकेची चेष्टाही पुष्कळ झाली. पण ती त्या खेळाची मान्य केलेली अट होती. लपंडावात सापडलेल्या गड्याला कोणी कैदेत टाकत नाही.

२०१० साली जो कार्नाहन यांनी यावरून चित्रपट केला. लियम नीसन यांच्यासारखा वजनदार नट प्रमुखाच्या भूमिकेत होता. व्हिएतनामच्या जागी इराक आला, हे काळाला धरून झाले. परंतु चौघे एकत्र कसे आले, गुन्हा त्यांच्या माथी कसा आला, ते सुटले कसे आणि त्यांनी स्वतःवरचा डाग पुसण्यासाठी काय केले, यातच संपूर्ण चित्रपट खर्च झाला. शेवटी ते फरार होतात आणि तेथे चित्रपट संपतो. म्हणजे मालिका ज्या ठिकाणी सुरू होई त्या ठिकाणी पोहोचायला यांना दोन तास लागले! लग्नाला बोलावून नुसता साखरपुडा दाखवला आणि पंगत न वाढता पाहुण्यांना एसटीत बसवून दिले, असे ते झाले. विमानातून रणगाडा पडतो आहे आणि हवेतच तोफा डागून तो दिशा बदलतो आहे, असा एक भव्य प्रसंग त्यात आहे. तो पाहून हसू येते, मौजही वाटते. पण त्या रणगाड्यावर कोणाच्या हाताची ठिणगी उडालेली नाही.

आपण पैशांचा प्रश्न विचारला आहे, त्यावर माझे मत सरळ आहे : पैसा कमी होता म्हणून रीत तयार झाली. अमेरिकेतल्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता गोष्टीला अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटे मिळत, आणि आपल्याकडे अर्ध्या तासाच्या भागात बावीस-तेवीस. प्रत्येक जाहिरातीच्या आधी गोष्ट अशा ठिकाणी थांबवावी लागे की माणूस उठून पाणी प्यायला गेला तरी परत यावा. माझी एक आत्या मी जोडलेले भाग पाहताना नेमकी त्याच क्षणी म्हणायची, ‘आते काय व्हई?’ म्हणजे आता काय होईल, आणि तिने हे म्हटले की मला माझा पगार मिळाल्यासारखे वाटे. शूटिंगला आठवडा, हातात मोजके सेट, आणि स्टंटसाठी एकच गाडी. आमच्या एका मालिकेत खड्ड्यावरून जीप उडण्याचा एकमेव तुकडा होता, साडेतीन सेकंदांचा. तो आम्ही नऊ भागांत वापरला. कधी रात्र भासावी म्हणून निळसर करून, कधी जीप दुसरीकडून येते आहे असे वाटावे म्हणून डावे-उजवे उलटवून. एकदा उलटवलेल्या तुकड्यात गाडीचा नंबर आरशात दिसावा तसा उलटा राहून गेला. ती चूक माझीच. ती मशीनवर दिसत होती आणि मी ती घाईत जाऊ दिली. चोपड्याहून एका प्रेक्षकाचे पत्र आले. नंबर उलटा असल्याचे त्यांनी एका ओळीत कळवले होते, आणि उरलेल्या सगळ्या पत्रात तक्रार अशी होती की त्याआधीच्या दोन भागांत जीप का उडाली नाही. ते कार्ड मी बरीच वर्षे मशीनजवळ चिकटवून ठेवले होते.

एक आणखी गोष्ट त्या गरिबीतून येत असे, ती म्हणजे वजन. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या १९७९ सालच्या मालिकेत नारिंगी डॉज चार्जर गाडी जवळजवळ प्रत्येक भागात नाल्यावरून उडे. पुढे इंजिन जड असल्याने हवेत नाक खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजन भरावे लागे, आणि उडी मारलेली गाडी बहुधा पुन्हा वापरण्याजोगी राहत नसे. मालिका संपेपर्यंत सुमारे तीनशे गाड्या कामी आल्याचे सांगतात. जमिनीवर आदळताना सांगाडा वाकलेला कधी कधी दिसतो, आणि पुढच्याच तुकड्यात नवी कोरी गाडी धूळ उडवत निघून जाते. संकलनाची ती लबाडी होती, पण आदळणे खरे होते. संगणकावर उडवलेली गाडी कितीही हुबेहूब असली, तरी पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडत नाही. शरीराला वजन कळते.

काही चित्रपटकर्त्यांना रीत परत आणता येणार नाही हे उमगले, तेव्हा त्यांनी तिची टिंगल करण्याचा मार्ग धरला. २००४ चा ‘स्टार्स्की अँड हच’, पुढे ‘चिप्स’ आणि ‘बेवॉच’ हे दोन्ही २०१७ चे. पांढऱ्या पट्ट्याची लाल गाडी ठेवायची आणि तिच्यात बसलेल्या माणसांना मूर्ख ठरवायचे, हा प्रकार मला बापाचा जुना कोट घालून बापाचीच नक्कल करण्यासारखा वाटतो. त्यातल्या त्यात ‘ट्वेंटी वन जंप स्ट्रीट’ हा २०१२ चा चित्रपट मला आवडला, कारण त्याने टिंगलीची सुरुवात स्वतःपासून केली. त्यातला पोलीस अधिकारीच सांगतो की वरच्यांना नवे काही सुचत नाही म्हणून जुनीच योजना झटकून पुन्हा काढली आहे. याच्या अगदी उलट १९९९ चा ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’. सुमारे सतरा कोटी डॉलर खर्चून त्यात एक अवाढव्य यांत्रिक कोळी उभा केला, आणि सर्वांत वाईट चित्रपटांना दिली जाणारी चेष्टेची पारितोषिके त्याला मिळाली, ती मूळ मालिकेचे नायक रॉबर्ट कॉनरॅड यांनी स्वतः जाऊन घेतली.

मूळ निर्मात्याला मान दिला असता तर असे झाले नसते, असे कोणी म्हणेल. ‘मायामी व्हाइस’ त्याला उत्तर आहे. १९८४ च्या त्या मालिकेचे सूत्रधार मायकेल मान होते आणि २००६ चा चित्रपट त्यांनीच लिहून दिग्दर्शित केला. मालिकेत त्यांचा दंडक होता की मातकट रंग पडद्यावर दिसता कामा नयेत; चित्रपटात सगळी रात्र, काळोख आणि पावसाळी आभाळ. तो चित्रपट म्हणून मला वाईट वाटत नाही, त्यातले रात्रीचे चित्रण पुढे अनेकांनी गिरवले. पण मालकाने स्वतःच जुने घर पाडून त्या जागेवर गोदाम बांधले, तर पाहुण्यांनी ओसरी शोधत फिरण्यात अर्थ नाही.

मग एकही चित्रपट जमला नाही का? जमला, आणि तो का जमला हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. ‘द फ्युजिटिव्ह’ ही १९६३ ते १९६७ मधली मालिका, १२० भागांची. बायकोच्या खुनाचा खोटा आरोप आलेला डॉक्टर पळतो आहे, एका हाताच्या खऱ्या खुन्याला शोधतो आहे, आणि एक पोलीस अधिकारी त्याच्या मागावर आहे. या मालिकेला पहिल्या दिवसापासून एक शेवट बाकी होता. ऑगस्ट १९६७ मध्ये तो शेवट दाखवला तेव्हा अमेरिकेत अभूतपूर्व संख्येने लोकांनी तो पाहिला. अँड्र्यू डेव्हिस यांनी १९९३ साली चित्रपट करताना एवढेच केले की गावोगाव भटकण्याचे शंभर-सव्वाशे भाग सोडून दिले आणि आरंभ व शेवट यांची गाठ मारली. हॅरिसन फोर्ड यांचा डॉक्टर जितका हुशार, तितकाच टॉमी ली जोन्स यांचा मार्शल. जोन्स यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. बसवर आगगाडी आदळण्याचा प्रसंग खरी गाडी खरोखर आदळवून एकाच वेळी चित्रित केला, आणि मोडलेले सांगाडे नॉर्थ कॅरोलायनात तेथेच रुळांकडेला राहिले. म्हणजे ज्या मालिकेच्या पोटात एक न संपलेला प्रश्न आहे तिचा चित्रपट होऊ शकतो. जिच्या पोटात फक्त रीत आहे तिचा होणे कठीण. निर्मात्यांनी हक्क विकत घेण्याआधी एवढे जरी विचारले, तरी अर्धे चित्रपट कागदावरच थांबतील. ते थांबणार नाहीत हेही मला ठाऊक आहे, कारण तिकीट विकले जाते ते ओळखीच्या नावावर, आणि तो हिशेब संकलकाला कोणी विचारत नाही.

आपल्याकडे ही लागण कमी आहे, पण आहे. ‘व्योमकेश बक्षी’ ही गुप्तहेराची मालिका, मारधाडीची नव्हे, तरी उदाहरण चपखल बसते. १९९३ साली बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी ती केली, तेव्हा व्योमकेश आणि त्याचा साथीदार अजित यांची पहिली भेट एका भागात आटोपली आणि पुढच्या भागापासून रजित कपूर धोतर सावरत कामाला लागले. २०१५ च्या चित्रपटाने तीच पहिली भेट घेऊन पूर्ण चित्रपट उभारला. ‘सीआयडी’चे घ्या. बी. पी. सिंग यांची ही मालिका १९९८ पासून २०१८ पर्यंत चालली आणि २००४ साली त्यांनी तिचा १११ मिनिटांचा एक भाग न तोडता एका दमात चित्रित केला. (माझ्यासारख्याची भाकरी काढून घेणारा हा प्रयोग, पण मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.) उद्या कोणी तिचा चित्रपट काढलाच, तर त्यात पहिला तासभर दयाचे बालपण असेल आणि त्याने पहिला दरवाजा कोणत्या दुःखातून तोडला, हे आपल्याला पार्श्वसंगीतासह समजेल. शिवाजी साटम यांचे हात हवेत फिरतात एवढ्यावर आपण वीस वर्षे समाधानी होतो, हे त्या लोकांना कसे सांगावे?

पुन्हा करण्याची कला पाहायची असेल तर लांब जायला नको. आपल्या वेशीवरच्या मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी मोठ्या चित्रपटांच्या विनोदी नकला केल्या. ‘मालेगाव के शोले’मध्ये डाकू घोड्यांवरून येत नाहीत, सायकलींवरून येतात, उंचावरून चित्रण करायला क्रेन नाही, तर बैलगाडी आहे. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटामुळे हे जगभर पोहोचले. घोडा गेला तरी प्रसंग कोणता आहे हे प्रेक्षक एका क्षणात ओळखतो, कारण नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्रपट इतक्या वेळा पाहिला होता की त्यातली प्रत्येक गोष्ट कशानंतर कशी येते, हे त्यांच्या अंगात भिनले होते.

आता मुलाला काय दाखवावे? ‘द फ्युजिटिव्ह’चा चित्रपट अवश्य दाखवावा, त्यासाठी मालिका आधी पाहिलेली असण्याची गरज नाही. ‘मिशन : इम्पॉसिबल’चा १९९६ चा चित्रपटही दाखवावा, पण त्याआधी मूळ मालिकेचे दोन-तीन भाग पाहू द्यावेत, म्हणजे पांढऱ्या खोलीचा प्रसंग आला की तो स्वतःच ओळखेल. ‘ए-टीम’चे मात्र जुने भागच पुरेत. आणि दूरदर्शनवर आपण पाहिलेली ‘स्ट्रीट हॉक’, ती काळी मोटारसायकल, तिचे १९८५ साली अवघे तेरा भाग झाले. माझ्या ओळखीच्या किती मुलांनी त्यानंतर घरच्या राजदूत मोटारसायकलवर पोट टेकवून तापीच्या पुलापर्यंत शर्यती लावल्या आणि घरी आल्यावर मार खाल्ला, त्याची गणती नाही. ते तेरा भाग मिळाले, तर एका रात्रीत संपवू देऊ नका. आठवड्याला एक, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, जेवणे आटोपून. मधल्या दिवशी त्याने पुढचा भाग मागितला तर नाही म्हणा, आणि त्या वेळी वीज गेली तर तो भाग त्या आठवड्यापुरता बुडाला असेच समजा. आपल्याही वेळी तो बुडतच असे, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी वीज होती त्या पोराकडून गोष्ट ऐकावी लागे.